रॉममॉनला पडलेला राउटर: कन्सोल केबलवरून आयओएस पुन्हा चढवताना

राउटर चालू केला, पंखा फिरला, दिवे लागले, पण नेहमीच्या नावाऐवजी पडद्यावर 'रॉममॉन १ >' एवढंच येऊन थांबलं (रॉममॉन म्हणजे आयओएस नसताना राउटर ज्यात उठतो तो छोटा प्रोग्रॅम), तर फ्लॅशमधली, म्हणजे राउटरच्या कायमच्या साठवणीतली, आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टीम) गेली आहे किंवा अर्धवट उरली आहे असं समजायचं. त्याच्या वर बहुधा 'बूट: कॅनॉट डिटरमाइन फर्स्ट फाइल नेम ऑन डिव्हाइस फ्लॅश' अशी ओळ असते. आमच्या तंत्रनिकेतनाच्या नेटवर्किंग लॅबमध्ये ही ओळ दर सत्रात कोणत्या ना कोणत्या टेबलावर उगवतेच. कारणही ठरलेलं. प्रॅक्टिकल संपल्यावर 'इरेझ स्टार्टअप-कॉन्फिग' द्यायचं असतं, आणि घरी जायच्या घाईत कोणीतरी 'इरेझ फ्लॅश' देतं. राउटर विचारतो, नक्की ना? पोरगं न वाचता एंटर मारतं. दुसरं कारण वीज. टीएफटीपीवरून (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी रीत) नवी इमेज, म्हणजे आयओएसची फाइल, उतरवत असताना लाइट गेली की फ्लॅशमध्ये अर्धीच फाइल राहते.

मी त्या लॅबचा असिस्टंट. आमच्याकडे सिस्कोचे २६०० एक्सएम आणि १८४१ आहेत. जुनी यंत्रं, कंपनीनं त्यांचा आधार कधीच थांबवला, पण ओएसपीएफ हा राउटिंगचा प्रोटोकॉल शिकायला आजही पुरून उरतात. खाली लिहिलंय ते या दोन मॉडेलांवर हात बसल्यावरचं आहे. १७०० मालिकेलाही बहुतेक तसंच चालतं. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या. 'वजा' म्हटलं की आडवी छोटी रेघ.

आधी जीव भांड्यात पडू द्या. रॉममॉन फ्लॅशमध्ये राहत नाही, तो वेगळ्या चिपवर असतो. तुमचं कॉन्फिगरेशन एनव्हीरॅम या वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत असतं, तेही वेगळं. म्हणजे 'इरेझ फ्लॅश'नं फक्त आयओएसची फाइल गेली. पासवर्ड, इंटरफेसचे पत्ते, रूट्स सगळं जागेवर आहे. रॉममॉनचा प्रॉम्प्ट दिसतोय तोवर राउटर भंगारात काढायचं कारण नाही.

आणि प्रॉम्प्ट अजून रॉममॉनचा नसेल, म्हणजे पोरानं फ्लॅश पुसली पण राउटर चालूच आहे, तर त्याला हातसुद्धा लावू नका. बंद नाही, रीलोड नाही. इमेजच्या नावात 'एमझेड' असतं, त्यातला एम म्हणजे ती रॅममधून चालते आणि झेड म्हणजे ती दाबून बांधलेली आहे. फ्लॅश रिकामी झाली तरी रॅममधली आयओएस व्यवस्थित चालू असते. तिथल्या तिथे 'कॉपी टीएफटीपी: फ्लॅश:' देऊन फाइल परत आणा, काम पाच मिनिटांत मिटतं. आमच्या लॅबच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: चुकलं तर स्विच बंद करू नका, मला हाक मारा. तरी निम्मी मुलं घाबरून आधी स्विचच बंद करतात.

आता सिरिअल, म्हणजे कन्सोल केबलची वाट. फिकट निळी चपटी कन्सोल केबल राउटरसोबत येते. एका टोकाला आरजे-४५, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा डीबी-९. हरवली असेल तर आरजे-४५च्या बाजूचा भाग स्वतः क्रिंप करता येतो: एका टोकाला तारांचा जो क्रम, दुसऱ्या टोकाला बरोबर त्याच्या उलटा, एक नंबरची तार आठवर. डीबी-९चं अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही बऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं.

हल्लीच्या लॅपटॉपला डीबी-९ नसतो, म्हणून यूएसबी-सिरिअल अडॅप्टर लागतो, आणि निम्म्या कटकटी तिथेच असतात. स्वस्त अडॅप्टरमध्ये पीएल२३०३ चिप असते, कधी खरी, कधी नकली. नकली असली की विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह लागतं. सीएच३४० स्वस्तही असते आणि सहसा चालते. परवडत असेल तर एफटीडीआय घ्या. अडॅप्टरवर शंका असेल तर राउटरला जोडायच्या आधी डीबी-९च्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका तारेनं एकमेकींना जोडा, टर्मिनल (सिरिअलवरून बोलायचा प्रोग्रॅम) उघडा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर परत दिसलं तर अडॅप्टर चांगला आहे. एवढी तपासणी न करता तासभर राउटरला दोष देत बसणारी माणसं मी पाहिली आहेत.

टर्मिनलची सेटिंग: ९६०० बॉड (सेकंदाला तितके बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. लिनक्सवर मिनिकॉम वापरत असाल तर त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. राउटरचं सगळं बोलणं दिसतं, पण तुमची एकही कळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो बंद करा. पडद्यावर वेडीवाकडी चिन्हं येत असतील तर बॉड चुकलाय. काहीच येत नसेल तर केबल.

सॉफ्टवेअर निवडताना एक लक्षात ठेवा: पुटी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये एक्समोडेम, म्हणजे सिरिअलवरून फाइल पाठवायची रीत, नाही. रोजच्या कामाला पुटी उत्तम, पण आज उपयोगी नाही. विंडोजवर टेरा टर्म घ्या. पूर्वी हायपरटर्मिनल विंडोजबरोबरच यायचा, तो व्हिस्टापासून बंद झाला. लिनक्सवर मिनिकॉमसोबत एलआरझेडएसझेड हे पॅकेज टाका, नाहीतर पाठवायचा मेनू दिसतो पण आत पाठवणारं कोणीच नसतं. तुमचं खातं 'डायलआउट' गटात आहे ना, तेही बघा.

फ्लॅश रिकामी असेल तर राउटर आपोआप रॉममॉनला येतो. पण फाइल अर्धवट असेल आणि तो सारखा बूट व्हायचा प्रयत्न करून पडत असेल, तर चालू केल्यापासून पहिल्या ६० सेकंदांत ब्रेक, म्हणजे बूट थांबवणारा इशारा, पाठवावा लागतो. टेरा टर्ममध्ये ऑल्ट-बी, मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए आणि मग एफ. काही अडॅप्टर ब्रेक पाठवतच नाहीत. त्यावर जुनी युक्ती आहे आणि ती सिस्कोच्या कागदपत्रांतही सापडते: टर्मिनल १२०० बॉडवर ठेवा, राउटर बंद करून चालू करा, आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबून धरा. पडद्यावर काही कळणार नाही. मग टर्मिनल परत ९६०० वर आणा आणि एंटर मारा, रॉममॉन समोर उभा असतो. कमी वेगाचा तो स्पेस ९६०० वर ऐकणाऱ्या राउटरला ब्रेकसारखाच भासतो, एवढंच त्यामागचं गुपित.

इमेज कुठून आणायची? माझं उत्तर एकच: शेजारच्या टेबलावरच्या त्याच मॉडेलच्या चांगल्या राउटरमधून. इंटरनेटवर कुठल्याशा फोल्डरमध्ये सापडलेली चढवू नका. परवान्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठं भय वेगळं आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये मँडियंट या सायबर सुरक्षा कंपनीनं 'सिंफुल नॉक' नावाचा प्रकार उघडकीला आणला. आयओएसच्या इमेजमध्येच मागचं दार बसवलेलं होतं, आणि सापडलेले राउटर युक्रेन, फिलिपिन्स, मेक्सिको आणि भारतातले होते. लक्ष्य झालेल्या मॉडेलांत १८४१ होता. लॅबचा राउटर कोण फोडतंय म्हणून हसू नका, तोच राउटर पुढे कॉलेजच्या नेटवर्कला जोडला जातो.

एकाच मॉडेलच्या दोन राउटरमध्ये रॅम सारखीच असेल असंही धरून चालू नका. चांगल्या राउटरवर 'शो व्हर्जन' आणि 'शो फ्लॅश' देऊन रॅम, इमेजचं पूर्ण नाव आणि आकार पाहा. नाव माउसनं उचलून वहीत नाही, नोटपॅडमध्ये ठेवा. ती नावं हातानं टाइप करायच्या लायकीची नसतात.

आता सिरिअलवरून फाइल चढवायला बसण्याआधी थांबा. सिरिअल हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नाही. आधी 'डिर फ्लॅश:' द्या. जुनी एखादी इमेज तिथे पडलेली असेल तर 'बूट फ्लॅश:' आणि तिचं नाव दिलं की राउटर उठतो. मग पुढचं काम आयओएसमध्ये बसून आरामात करा.

१८४१ ची फ्लॅश म्हणजे मागच्या बाजूला खाचेत बसवलेलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. राउटर बंद करा, कार्ड काढा, कार्ड रीडरमध्ये घाला, साध्या फॅट-१६ वर इमेज कॉपी करा, परत बसवा. संपलं. फॅट-३२ करू नका. २६०० एक्सएममध्ये ही सोय नाही, तिथली फ्लॅश आत बोर्डावर असते.

दोन्हीला चालणारा पुढचा मार्ग टीएफटीपीडीएनएलडी. आज्ञा कन्सोलवरून द्यायच्या आणि फाइल मात्र इथरनेटवरून येऊ द्यायची. इथे मी लॅपटॉपसुद्धा वापरत नाही, चांगल्या राउटरलाच सर्व्हर करतो. त्याच्या कॉन्फिग मोडमध्ये 'टीएफटीपी-सर्व्हर फ्लॅश:' आणि पुढे इमेजचं नाव, एवढी एक ओळ पुरते. त्याच्या पोर्टला १९२.१६८.१०.१ द्या, 'नो शटडाउन' द्या, आणि दोघांमध्ये क्रॉसओव्हर केबल किंवा मध्ये एखादा स्विच लावा. आजारी राउटरचं केबल पहिल्याच फास्टइथरनेट पोर्टला, दुसऱ्याला नाही. मग रॉममॉनमध्ये पाच किमती भरायच्या, सगळ्या मोठ्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर: आयपी-अॅड्रेसला १९२.१६८.१०.२, आयपी-सबनेट-मास्कला २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट-गेटवे आणि टीएफटीपी-सर्व्हर दोन्हींना १९२.१६८.१०.१, आणि टीएफटीपी-फाइलला इमेजचं नाव. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडायची नाही. दोघे एकाच सबनेटवर असले तरी गेटवे रिकामा चालत नाही. 'सेट' देऊन नीट भरलंय का ते पाहा, मग 'टीएफटीपीडीएनएलडी' द्या. फ्लॅशमधलं सगळं पुसलं जाईल असा इशारा येईल, त्याला वाय म्हणा. उद्गारचिन्हांची रांग धावू लागली की चहाला जायला हरकत नाही.

फ्लॅशबद्दलच खात्री नसेल तर आज्ञेपुढे 'वजा आर' जोडा. मग इमेज फ्लॅशवर न लिहिता थेट रॅममध्ये उतरते आणि तिथूनच चालू होते. असा उठलेला राउटर बंद केला की पुन्हा रॉममॉनलाच येणार, पण तोवर आयओएसमधून फ्लॅश तपासता येते, 'फॉरमॅट' करता येते.

हे सगळं असताना एक्समोडेमची वेळ येते कधी? पोर्ट जळलेला असतो तेव्हा. वळवाच्या पावसात वीज कडाडली की इमारतीबाहेरून आलेल्या केबलला लावलेले इथरनेट पोर्ट सगळ्यात आधी जातात. कन्सोल सहसा वाचतो, कारण त्याला काही जोडलेलंच नसतं. किंवा तुम्ही दुसऱ्याच गावी एखाद्या शाखेत उभे आहात आणि हातात निळी केबल सोडून काही नाही.

एक्समोडेम १९७७ सालचा, शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी लिहिलेला. त्याची रीत साधी: १२८ बाइटचा एक ठोकळा पाठवा, समोरून पोच आली की पुढचा. म्हातारा आहे, पण चुकत नाही. ९६०० बॉडवर मात्र त्याच्या नादी लागू नका. एक बाइट पाठवायला दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. १६ एमबीची इमेज असेल तर जवळजवळ पाच तास. ११५२०० वर तेच काम हिशोबानं २४ मिनिटांचं, पोच येण्या-जाण्यात जातो तो वेळ वेगळा.

म्हणून आधी वेग वाढवा. रॉममॉनमध्ये 'कॉन्फरेग' द्या. बदल करायचे का? वाय. मग एकेक प्रश्न येत जातो: डायग्नोस्टिक मोड, ब्रॉडकास्ट, असलं बरंच काही. सगळ्यांना एन. 'चेंज कन्सोल बॉड रेट' आला की वाय, आणि यादीतून ७. तेच ११५२००. बूटच्या प्रश्नाला पुन्हा एन. प्रश्नोत्तरांचा कंटाळा असेल तर सरळ 'कॉन्फरेग ०एक्स३९२२' द्या, कॉन्फिग-रजिस्टरच्या नेहमीच्या ०एक्स२१०२ मध्ये फक्त वेगाचे तीन बिट चढवलेला तो आकडा आहे. मग 'रीसेट'. पडद्यावर कचरा दिसू लागेल. घाबरू नका, राउटर आता नव्या वेगानं बोलतोय आणि टर्मिनल जुन्याच वेगानं ऐकतंय. टर्मिनल ११५२०० वर न्या, एंटर मारा.

एफटीडीआय अडॅप्टर असेल तर पाठवण्याआधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन 'लेटन्सी टायमर' १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणा. ११५२०० वर १२८ बाइटचा ठोकळा साधारण ११ मिलिसेकंदांत जातो, आणि एका बाइटची पोच अडॅप्टरमध्ये १६ मिलिसेकंद अडकून पडते. म्हणजे पाठवण्यापेक्षा वाट बघण्यातच जास्त वेळ. ही सेटिंग कोणी सांगत नाही, आणि मग लोक म्हणतात ११५२०० करूनही फरक पडला नाही.

लॅपटॉपचा स्लीप बंद करा, चार्जर लावा, राउटर यूपीएसवर घ्या. अर्ध्यावर तुटलं तर एक्समोडेम तिथून पुढे चालू होत नाही, पहिल्या ठोकळ्यापासून सुरुवात.

मग आज्ञा: 'एक्समोडेम वजा सी' आणि इमेजचं नाव. सी म्हणजे सीआरसी-१६ ची तपासणी, साध्या बेरजेपेक्षा कितीतरी भरवशाची. राउटर इशारा देतो, वाय म्हणा. 'डू नॉट स्टार्ट द सेंडिंग प्रोग्राम येट' असं आलं तर खरोखरच थांबा, तो आधी फ्लॅशची तयारी करतोय. 'रेडी टू रिसीव्ह फाइल' आलं की टेरा टर्मच्या फाइल मेनूत ट्रान्सफर, एक्समोडेम, सेंड. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए, मग एस. तुम्ही फाइल शोधत असताना पडद्यावर मधूनमधून इंग्रजी सी हे अक्षर उमटत राहील. राउटर सीआरसीसकट फाइल मागतोय, इतकंच. 'वजा वाय' दिलंत तर वायमोडेम चालतो. त्यात ठोकळा १०२४ बाइटचा असल्यानं पोचेची वाट कमी बघावी लागते. टर्मिनलमध्येही मग वायमोडेमच निवडा. दोन्हीकडे वेगळं निवडलं की काहीच हलत नाही.

सुरुवातीलाच एक-दोन ठोकळे चुकले तर चालतं, परत पाठवले जातात. सारखेच चुकत असतील तर ५७६०० वर या, म्हणजे कॉन्फरेगच्या यादीतला ६. लांब किंवा घरी जोडलेल्या केबलवर मी थेट ५७६०० च घेतो.

फाइल उतरली की राउटर फ्लॅशवर लिहितो. हा वेळ शांत असतो आणि याच वेळी लोक कंटाळून स्विचला हात घालतात. थांबा. प्रॉम्प्ट परत आला तर 'बूट' द्या. हॅश चिन्हांची रांग आली म्हणजे इमेज सुटतेय, आणि काही वेळानं राउटर स्वतःच्या नावानं हजर होतो.

काम अजून उरलंय. 'व्हेरिफाय फ्लॅश:' आणि नाव देऊन इमेज तपासा. 'शो रन'मध्ये 'बूट सिस्टम'ची एखादी जुनी ओळ मेलेल्या इमेजचं नाव धरून बसली असेल तर ती काढा. मग कॉन्फिग मोडमध्ये 'कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२'. हे विसरलात तर पुढच्या बॅचचा मुलगा ९६०० लावून कचरा बघत बसेल आणि राउटर बिघडला म्हणून तुमच्याकडे येईल. 'लाइन कन्सोल ०' खाली 'स्पीड'ची ओळ असेल तर तीही बघा. 'राइट' करा. 'शो व्हर्जन'च्या शेवटच्या ओळीत पुढच्या रीलोडला २१०२ होईल असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. मग एकदा तुमच्यासमोरच रीलोड करा आणि टर्मिनल ९६०० वर आणा.

जाता जाता स्विचबद्दल, कारण त्याच रॅकमध्ये कॅटॅलिस्ट २९५० असतोच. त्याच्या बूटलोडरला टीएफटीपी येत नाही, म्हणून तिथे एक्समोडेम हा पहिला आणि शेवटचाही मार्ग. पुढचं मोड बटण दाबून धरत वीज द्या, 'स्विच:' असा प्रॉम्प्ट येईल. 'फ्लॅश-इनिट', मग 'लोड-हेल्पर', दोन्हींत रेघेच्या जागी अंडरस्कोर. 'सेट बॉड ५७६००' दिलं की वेग त्याच क्षणी बदलतो, रीसेट लागत नाही, टर्मिनल लगेच बदला. बॉड हा शब्द इथे मोठ्या अक्षरांत. मग 'कॉपी एक्समोडेम: फ्लॅश:' आणि नाव. इमेज काही एमबींचीच असते, त्यामुळे राउटरपेक्षा लवकर उरकतं. शेवटी 'अनसेट बॉड', टर्मिनल ९६०० वर, आणि 'बूट'.